पहिल्या विमानांची इंजिने: हलकेपणाचा प्रश्न नेमका कुठे अडला होता?

दूरबीण:

नमस्कार. विमानाच्या जन्मकथेत एक विधान हमखास वाचायला मिळते. पंख, शेपटी आणि तोल यांचे ज्ञान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बऱ्यापैकी जमा झाले होते, घोडे अडले होते ते हलक्या आणि ताकदवान इंजिनापाशी. ते हाती आले आणि माणूस उडाला. आकडे शेजारी शेजारी मांडून पाहिले, की मात्र हे विधान डळमळू लागते.

1903 साली अमेरिकेत दोन विमाने उड्डाणाच्या तयारीत होती. सॅम्युएल लँग्ली यांच्या विमानासाठी चार्ल्स मॅन्ली यांनी सिद्ध केलेले पाच सिलिंडरचे इंजिन 52 अश्वशक्ती देत होते आणि त्याचे वजन 57 किलोच्या आसपास होते. राइट बंधूंचे चार सिलिंडरचे इंजिन जेमतेम 12 अश्वशक्तीचे आणि वजनाला 80 किलोच्या वर. म्हणजे दर अश्वशक्तीमागे एकीकडे सव्वा किलोसुद्धा नाही आणि दुसरीकडे जवळजवळ सात किलो. तरीही लँग्लींचे विमान 7 ऑक्टोबर आणि 8 डिसेंबर अशा दोन्ही वेळा पोटोमॅक नदीत कोसळले, आणि 17 डिसेंबरला किटी हॉक येथे उडाले ते राइट बंधूंचे. इंजिन हीच खरी अडचण असती, तर निकाल उलटा लागायला हवा होता.

आणखी दोन शंका आहेत. मोटारगाड्या तोवर रस्त्यावर धावू लागल्या होत्या, मग त्यांचीच इंजिने विमानावर का चढवली नाहीत? आणि 1909 नंतर ज्याचा एवढा बोलबाला झाला त्या 'नोम' या फ्रेंच इंजिनात क्रँकशाफ्ट (दट्ट्यांच्या, म्हणजे पिस्टनच्या, हालचालीशी जोडलेला मुख्य दांडा, जो एरवी फिरतो) स्थिर राहून सिलिंडरच गरगर फिरतात. अख्खे इंजिन फिरवत ठेवल्याने वजन कमी कसे होते, हे काही केल्या उमगत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

लेथवाला:

मोटारगाडीच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे तिच्यातूनच निघतात.

चार फेरींच्या इंजिनात दट्ट्या दोनदा खाली आणि दोनदा वर जातो, आणि या चार खेपांतली एकच ताकद देते. उरलेल्या तीन खेपा शाफ्टला कुणीतरी ओढून न्यावे लागते. हे काम फ्लायव्हील, म्हणजे शाफ्टवरचे जड चाक, करते. त्या काळच्या गाडीत एक किंवा दोन सिलिंडर असत, म्हणून फ्लायव्हील भलेमोठे लागे, सिलिंडर बिडाचे ओतीव असत, आणि गाडीचे वजन रस्ता पेलत असल्यामुळे कुणाला त्याची फारशी फिकीर नसे. सिलिंडरांची संख्या वाढवली, की फ्लायव्हील हलके होते, पण ते एका ओळीत मांडले तर क्रँकशाफ्ट लांबतो, त्याला जागोजागी बेअरिंगचा आधार द्यावा लागतो आणि त्या सगळ्याला धरून ठेवणारा क्रँककेसही लांब आणि जड होतो. एका हाताने वाचवलेले वजन दुसऱ्या हाताने परत द्यावे लागते. सांतोस-द्युमाँ यांनी 1898 मध्ये द दियाँ कंपनीच्या तीनचाकी गाडीच्या इंजिनांचे दोन सिलिंडर एकावर एक चढवून आपल्या पहिल्या हवाई जहाजात बसवले आणि ते चालले. पण तिथे वजन उचलायला वायूची पिशवी होती, पंखांना ते ओझे पेलायचे नव्हते.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. गाडीचे इंजिन पूर्ण ताकदीवर क्वचितच चालते. चढ आला, की चालते, उतारावर विश्रांती घेते. विमानाचे इंजिन जमीन सोडल्यापासून उतरेपर्यंत सतत पूर्ण भारावर असते. त्यामुळे हलके इंजिन बनवण्याचा प्रश्न हा बहुतांशी उष्णतेचा प्रश्न होता. धातू कमी केला, की उष्णता साठवायला आणि वाहून न्यायला जागा उरत नाही. पाणी खेळवले तर पाण्याचे आणि रेडिएटरचे वजन येते. हवेवर सोडले तर सिलिंडर लालबुंद होतात.

राइट बंधूंचे इंजिन या नजरेने पाहा. 1902 च्या अखेरीस त्यांनी अनेक कारखानदारांना पत्रे लिहून 8-9 अश्वशक्तीच्या हलक्या इंजिनाची चौकशी केली; मनासारखे कुठेच मिळाले नाही, तेव्हा त्यांच्या डेटनच्या सायकल दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत ते तिथेच बनवले. क्रँकशाफ्टसाठी त्याने पोलादाची एक जाड फळी घेतली, तिच्यावर आकार आखला, त्या रेषेवर ड्रिलने ओळीने भोके पाडली, छिन्नी-हातोड्याने बाहेरचा भाग तोडून काढला आणि उरलेला तुकडा लेथवर चढवून पूर्ण केला. सुमारे 45 किलोच्या फळीतून साडेआठ किलोचा शाफ्ट निघाला. क्रँककेस तांबे मिसळलेल्या ॲल्युमिनियमचे ओतीव होते, आणि वजन जे आटोक्यात राहिले ते मुख्यतः त्यामुळे.

बाकी सारे इतके साधे होते, की आज हसू येईल. आजच्या अर्थाने कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, नव्हताच. पेट्रोल थेंबाथेंबाने एका उथळ कप्प्यात पडे आणि क्रँककेसच्या उष्णतेने त्याची वाफ होई. मिश्रण आत घेणारी झडप उघडायला कॅम (झडप ढकलणारे उंचवट्याचे फिरते चाक) नव्हता, दट्ट्याच्या ओढीनेच ती उघडे. पाण्याचा पंप नव्हता. ताकद कमीजास्त करणारा थ्रॉटल नव्हता. चालू करायला लागणारी बॅटरी आणि कॉइल यांची पेटी उड्डाणाआधी काढून जमिनीवरच ठेवली जाई आणि पुढची ठिणगी इंजिनाच्याच फिरण्यातून वीज तयार करणारा मॅग्नेटो देई. पाणी फक्त सिलिंडरांभोवती होते, ज्वलनकक्षांभोवती नव्हते. परिणामी पहिल्या काही सेकंदांत हे इंजिन 16 अश्वशक्तीपर्यंत जाई आणि तापले, की आत येणारे मिश्रणही तापून विरळ होई व ताकद 12 वर उतरे. त्या दिवशीचे सर्वांत लांब उड्डाण 59 सेकंदांचे होते. तेवढ्यापुरते ते इंजिन पुरेसे होते, आणि ते तेवढ्यापुरतेच घडवले होते.

मॅन्लींचे इंजिन ही अगदी दुसऱ्या टोकाची गोष्ट आहे. न्यू यॉर्कच्या स्टीफन बाल्झर यांच्याकडून आलेल्या फिरत्या सिलिंडरांच्या इंजिनातून अपेक्षित ताकद मिळेना, म्हणून मॅन्लींनी सिलिंडर स्थिर केले आणि पाण्याने थंड होणारे ताऱ्याच्या आकाराचे इंजिन नव्याने उभे केले. सुमारे दीड मिलिमीटर जाडीचे पोलादी सिलिंडर, आत तेवढ्याच जाडीचे बिडाचे अस्तर, बाहेर अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचे, ब्रेझिंगने, म्हणजे पितळेच्या डाकाने, जोडलेले पाण्याचे आवरण. अशा पातळ पत्र्याचा एकही सांधा न गळता जोडणे म्हणजे काय, हे ज्याने हातात टॉर्च धरली आहे त्यालाच कळेल. हे इंजिन बाकावर दहा-दहा तास सलग पूर्ण भारावर चालले. त्या वर्षातले जगातले बहुधा सर्वोत्तम इंजिन ते होते, आणि ज्या विमानावर ते बसले त्याची बांधणी कमकुवत, नियंत्रणाची सोय अपुरी आणि उडवण्याची पद्धत तरंगत्या घराच्या छतावरून स्प्रिंगच्या जोराने फेकण्याची. माझ्या मते 1903 चा निकाल इंजिनाने लावलेलाच नाही.

चौथा मजला:

वरील विवेचनाशी बहुतांशी सहमत आहे, मात्र शेवटचे वाक्य मी इतक्या ठामपणे लिहिले नसते.

'दर अश्वशक्तीमागे वजन' हा आकडा वाचताना त्यात काय धरले आहे हे आधी पाहावे. मॅन्लींच्या इंजिनाचे 57 किलो हे कोरडे वजन आहे. पाणी, रेडिएटर, बॅटरी, कॉइल असे सर्व धरले, की ते 90 किलोच्या पुढे जाते. तरीही दर अश्वशक्तीमागे दोन किलोच्या आतच राहते, म्हणजे त्याचे श्रेष्ठत्व कमी होत नाही. पण त्या काळातील कोणत्याही दोन इंजिनांची तुलना करताना एकाचे कोरडे आणि दुसऱ्याचे भरलेले वजन घेण्याची चूक पुस्तकांतही सर्रास होते.

याहून मोठी गोष्ट म्हणजे शाफ्टवरची अश्वशक्ती विमान उडवत नाही, प्रोपेलरचा रेटा उडवतो. राइट बंधूंनी प्रोपेलरला फिरणारा पंख मानून त्याचे गणित स्वतः मांडले, सुमारे 2.6 मीटर व्यासाचे दोन प्रोपेलर घेतले आणि सायकलसारख्या साखळ्यांनी इंजिनाचा वेग जवळजवळ एक-तृतीयांशावर आणून ते मिनिटाला सुमारे 350 फेऱ्यांनी फिरवले. मोठा आणि संथ प्रोपेलर लहान आणि वेगवान प्रोपेलरपेक्षा कमी ताकदीत जास्त रेटा देतो. त्यांच्या प्रोपेलरची कार्यक्षमता 75 टक्क्यांच्या घरात होती. उलट 12 नोव्हेंबर 1906 रोजी सांतोस-द्युमाँ यांचे '14-बिस' पॅरिसमध्ये 220 मीटर उडाले, तेव्हा त्यावर 50 अश्वशक्तीचे आंत्वानेत इंजिन होते आणि प्रोपेलर थेट शाफ्टवर बसवला होता. चौपट ताकद लागली, याला विमानाच्या बेढब आकाराइतकाच तो प्रोपेलरही कारणीभूत आहे.

असहमती कुठे आहे, ते आता सांगतो. 1894 मध्ये हायरम मॅक्सिम यांनी 180 अश्वशक्तीची एक अशी दोन वाफेची इंजिने लावून साडेतीन टनांचे यंत्र रुळांवरून धाववले आणि ते क्षणभर उचललेही गेले. ती इंजिने स्वतः फारशी जड नव्हती. जड होते ते बॉयलर आणि पाणी, आणि वाफ बाहेर सोडली, की पाणी संपत जाते. पेट्रोलचे चार फेरींचे इंजिन नसते, तर राइट बंधूंचे सर्व गणित कागदावरच राहिले असते. इंजिनाला एक उंबरठा ओलांडायचा होता. तो एकदा ओलांडला, की 57 किलो की 82 किलो हा प्रश्न दुय्यम ठरला.

दूरबीण:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. उंबरठ्याची कल्पना पटली. मात्र उष्णता हाच मूळ प्रश्न असेल, तर 1909 ची इंग्लिश खाडी ओलांडण्याची शर्यत कोड्यात टाकते. लॅथम यांच्याकडे पाण्याने थंड होणारे 50 अश्वशक्तीचे आंत्वानेत होते आणि ते समुद्रात उतरले. ब्लेरियो यांच्याकडे हवेने थंड होणारे 25 अश्वशक्तीचे अंझानी होते आणि ते पलीकडे पोहोचले. नोम इंजिनाच्या शंकेचे उत्तरही अजून बाकी आहे.

आडवा वारा:

या दोन्ही प्रश्नांना एकत्रच हात घालतो.

लेऑन लव्हाव्हासर यांचे आंत्वानेत हे कल्पनांनी भरलेले इंजिन होते. आठ सिलिंडर चार-चारच्या दोन रांगांत, एकमेकींशी काटकोन करून मांडलेले; समोरासमोरच्या दोन सिलिंडरांचे कनेक्टिंग रॉड (दट्ट्याला शाफ्टशी जोडणारे दांडे) शाफ्टच्या एकाच खुंटीवर, म्हणजे क्रँकपिनवर, म्हणून आठ सिलिंडर असूनही शाफ्ट चार सिलिंडरच्या इंजिनाइतकाच लांब. वर ज्या अडचणीचा उल्लेख झाला, तिच्यावर हा पहिला चांगला तोडगा. त्याच्या नंतरच्या रूपांत पाणी रेडिएटरमध्ये फिरवण्याऐवजी सिलिंडरांभोवती चक्क उकळू दिले जाई आणि वाफ विमानाच्या दोन्ही कुशींवर लावलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांत थंड होऊन परत येई. एक किलो पाणी 20 अंशांवरून 100 अंशांपर्यंत तापताना 80 किलोकॅलरी घेते, पण त्याची वाफ होताना 540 घेते. म्हणजे तेवढीच उष्णता वाहून न्यायला पाणी कितीतरी कमी लागते. कार्ब्युरेटरही काढून टाकला होता आणि एक छोटा पंप प्रत्येक सिलिंडरच्या झडपेपाशी पेट्रोल फवारत असे.

विचार म्हणून यातले प्रत्येक पाऊल योग्यच होते, आणि पुढे कित्येक वर्षांनी या गोष्टी पुन्हा वापरात आल्याही. पण त्या फवाऱ्याची भोके केसासारखी बारीक होती आणि त्या काळच्या पेट्रोलमध्ये कचरा भरपूर असे. 19 जुलै 1909 रोजी लॅथम यांचे इंजिन समुद्रावर बंद पडले. 27 जुलैला दुसऱ्या प्रयत्नातही डोव्हर जवळ आले असताना तेच झाले.

अंझानीचे इंजिन याच्या अगदी विरुद्ध, म्हणजे ओबडधोबड. मूळचे मोटारसायकलच्या जातीचे, तीन सिलिंडर पंख्याच्या काड्यांसारखे वरच्या बाजूला पसरलेले, थंड होण्यासाठी फिन्स (बाहेर आलेल्या पातळ कडा) असलेले बिडाचे ओतीव. सिलिंडर खालच्या बाजूला न ठेवण्याचे कारण असे, की स्थिर सिलिंडर उलटा टांगला तर त्यात तेल उतरते आणि स्पार्क प्लग भिजतो. सिलिंडरच्या बुडाशी ओळीने भोके होती. दट्ट्या खाली पोहोचला, की जळालेल्या वायूचा बराच भाग त्यांतून थेट बाहेर पडे, त्यामुळे बाहेर सोडणाऱ्या झडपेवरचा ताप कमी होई, आणि सोबत तेलाचे तुषार वैमानिकाच्या तोंडावर येत. 25 जुलैला ब्लेरियो सुमारे 37 मिनिटांत डोव्हरला उतरले. वाटेत आलेल्या पावसाच्या सरीने तापलेले इंजिन वाचले, अशी कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, असे इंजिन पूर्ण भारावर अर्धा तास चालणे हीच त्याची सीमा होती, हे तत्कालीन लोकांना ठाऊक होते, म्हणून ती कथा रुजली. ब्लेरियोंचे विमान इतके लहान होते, की 25 अश्वशक्ती त्याला पुरली, आणि अंझानीमध्ये बिघडण्यासारखे भागच कमी होते. ती शर्यत थंड करण्याच्या पद्धतीने जिंकली नाही, भागांच्या संख्येने जिंकली.

आता नोम. लुई आणि लोराँ सेगँ या बंधूंच्या 50 अश्वशक्तीच्या इंजिनाचे सात सिलिंडर 110 मिलिमीटर व्यासाचे आणि दट्ट्याची चाल 120 मिलिमीटरची, म्हणजे एकूण घनफळ सुमारे आठ लिटर. 50 अश्वशक्तीच्या आंत्वानेतचे घनफळही तेवढेच भरते. तेव्हा नोमने घनफळातून जास्त ताकद काढली असे मुळीच नाही; त्याने तेवढ्याच ताकदीसाठी धातू कमी वापरला, सुमारे 75 किलो, आणि त्यात पाणी, रेडिएटर, फ्लायव्हील यांतले काहीही नव्हते.

सिलिंडर ताऱ्यासारखे मांडले, की सातही दट्ट्यांना एकच क्रँकपिन पुरतो. एका मुख्य कनेक्टिंग रॉडला बाकीचे सहा जोडलेले असतात, शाफ्ट आखूड होतो आणि क्रँककेस डब्याएवढा उरतो. वजनाची खरी बचत इथे आहे, आणि ती सिलिंडर स्थिर ठेवूनही होते, जशी मॅन्लींनी केली. फिरवण्याचे लाभ निराळे आहेत. गती इंजिनाच्या स्वतःच्या वजनातच साठते, म्हणून फ्लायव्हील लागत नाही. विमान जमिनीवर उभे असतानाही सिलिंडरांना मिनिटाला 1200 फेऱ्यांचा वारा मिळतो, म्हणून पाणी लागत नाही. तेल केंद्रापासून बाहेर सर्व सिलिंडरांत सारखे फेकले जाते, त्यामुळे खालच्या सिलिंडरचा प्लग भिजण्याची अंझानीला टाळावी लागलेली कटकट राहत नाही. शिवाय सिलिंडर एका केंद्राभोवती आणि दट्ट्ये दुसऱ्या केंद्राभोवती सरळ वर्तुळात फिरतात, जमिनीच्या दृष्टीने काहीच मागेपुढे आदळत नाही, त्यामुळे हे इंजिन विलक्षण गुळगुळीत चालते. लाकूड, कापड आणि तारांच्या विमानाला हा गुण वजनाइतकाच मोलाचा होता.

सिलिंडर विषम संख्येत का, हेही यातच आले. चार फेरींच्या चक्रात एकाआड एक सिलिंडर पेटवायचा असतो. सात असले, की 1-3-5-7-2-4-6 असा क्रम बिनखंड चालतो, आठ असते तर एका फेरीनंतर तो तुटला असता.

कारागिरी पाहण्यासारखी होती. निकेलयुक्त पोलादाच्या भरीव घडीव तुकड्यातून प्रत्येक सिलिंडर फिन्ससकट कोरून काढत, भिंतीची जाडी दीड मिलिमीटर. फिरताना सिलिंडरची वाऱ्याकडची बाजू थंड आणि मागची गरम राहते, तो किंचित वाकडा होतो. नेहमीची कडक रिंग तिथे फट सोडेल, म्हणून दट्ट्यावर काशाची एक पातळ लवचिक रिंग बसवत, जी भिंतीच्या आकाराप्रमाणे स्वतःला वळवून घेई. मिश्रण पोकळ क्रँकशाफ्टमधून क्रँककेसमध्ये आणि तिथून दट्ट्याच्या डोक्यावरच्या झडपेतून वर जाई. ही झडप या इंजिनाचा सर्वांत हळवा भाग होता; ती काजळीने अडकली, की ज्वाळा उलट क्रँककेसमध्ये शिरे.

27 ऑगस्ट 1909 रोजी रँस येथील मेळाव्यात हेन्री फार्मन यांनी ऐन वेळी आपल्या विमानावर नोम चढवले आणि तीन तासांहून अधिक काळ हवेत राहून 180 किलोमीटरचे अंतर कापले. राइट बंधूंच्या 59 सेकंदांनंतर सहा वर्षांनी आलेला हा आकडा मला अश्वशक्तीच्या कोणत्याही आकड्यापेक्षा बोलका वाटतो.

लेथवाला:

उत्तम विवेचन. यात फक्त एका हिशोबाची भर घालतो, कारण नोमचे 75 किलो हेही अर्धेच सत्य आहे.

मिश्रण क्रँककेसमधून जात असल्यामुळे साधे खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून धुऊन निघे. म्हणून एरंडेल वापरत, जे पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. ते परत गोळा होत नसे, जळून आणि उडून बाहेर जाई, आणि तासातासाला कित्येक लिटर लागे. ते वैमानिकाच्या अंगावर, चष्म्यावर आणि पोटातही जाई. पोटावरच्या परिणामाविषयी वेगळे सांगायला नको. पेट्रोलचा खपही मोठा होता, आणि ताकदीचा एक भाग स्वतःचेच सिलिंडर हवेतून घुसळण्यात जाई.

आता समजा, एक फिरते इंजिन 75 किलोचे आहे आणि तासाला पेट्रोल-तेल मिळून 25 किलो खाते. दुसरे पाण्याचे इंजिन सर्व सरंजामासह 110 किलोचे आहे आणि तासाला 15 किलो खाते. पहिल्या तासाच्या उड्डाणाला पहिलेच हलके. साडेतीन तासांना दोघांचे एकूण वजन सारखे होते, आणि त्यापुढे 'जड' इंजिनच हलके ठरते. त्यामुळे प्रदर्शने, शर्यती आणि छोट्या फेऱ्या यांच्या काळात नोमला तोड नव्हती, आणि उड्डाणे लांबू लागली तशी पाण्याची सहा सिलिंडरची जर्मन इंजिने पुढे आली.

ताकद वाढवायची, तर इंजिन अधिक वेगाने फिरवावे लागते, आणि हवा घुसळण्यात जाणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर तो तोटा आठपट. म्हणून फिरती इंजिने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत मिनिटाला साधारण 1300 फेऱ्यांच्या आसपासच घुटमळत राहिली, तर स्थिर सिलिंडरांना ही मर्यादा नव्हती. शिवाय नोम दहा-वीस तासांच्या उड्डाणानंतर पूर्ण खोलून, काजळी खरवडून, झडपा बसवून पुन्हा जोडावे लागे. हे काम करणारे हात ज्या हँगरमध्ये होते, तिथेच ते इंजिन भरवशाचे होते.